म्हातारी सकाळी कुठे बसते

मंगळवारी नळाला पाणी आलं. हे मोटर लावून टाकी बघायला जिन्यावर गेले आणि जिन्यातच बसले. मी खालून हाक मारली. शेजारचे धावत आले, रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की आणतानाच गेले. आम्ही घरी परतलो तेव्हा टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहत होतं.

आमच्या शहरात आठवड्याला एकदा पाणी येतं. ते वाहून गेलं म्हणून त्या गर्दीतही कुणीतरी हळहळलं. मला ते ऐकू आलं आणि विचित्र वाटलं नाही. बाकी जे जे ऐकू आलं, त्याचा मात्र मला राग आला. पुढे त्याचा तिरस्कार झाला. राग कमी होतो, तिरस्कार मुरतो.

हे सरकारी खात्यात बांधकामाचे इंजिनियर होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. गारखेड्यातलं आमचं घर ह्यांनी घेतलं तेव्हा ते कुणी घेत नव्हतं, कारण त्याचं दार दक्षिणेला होतं. हे हसायचे. म्हणायचे, "दक्षिणेला यम नाही, जायकवाडी आहे. आपलं पाणी तिकडूनच येतं." बावीस वर्षं आम्ही त्या दारातून गेलो-आलो. दोन मुलींची लग्नं त्याच दारातून झाली. तेव्हा दाराबद्दल कुणी काही बोललं नाही. जेवायला आलेले लोक दिशा बघत नाहीत.

ह्यांची बहीण कन्नडहून आली ती तेराव्यापर्यंत राहिली. दक्षिणेकडे वात केलेला दिवा रोज तीच लावायची. बाराव्या दिवशी दारात उभी राहून ती म्हणाली, "वैनी, म्या तव्हाच म्हनलं व्हतं. यमाची दिशा हाय. पर दादा कुनाचं ऐकंल तर ना."

"वन्सं, बावीस वर्षं राहिलो आम्ही."

"मंग? त्यो काय आल्या आल्या नेतो व्हय? त्यो वाट बघतो."

चुलत दीर, त्यांच्या बायका, शेजारच्या दोघी, सगळ्यांनी माना हलवल्या. एका माणसाने जन्मभर वजनं, माती आणि पाण्याचा दाब मोजून काम केलं, आणि त्याच्या मरणाचं कारण ह्या लोकांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं. नणंदेने चपलांचं कपाट ओढून पुढच्या दाराला आतून लावलं. त्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्या. "आता मागल्या दारानं जात जा," म्हणाली.

मी काही बोलले नाही. एवढंच असतं तर दुःखात सुचलं नाही म्हणून सोडून देता आलं असतं. पण नणंद कन्नडला परत गेली, घरात मी एकटी उरले, आणि मी ते कपाट हलवलं नाही. मोरीजवळच्या मागच्या दाराने बोळात उतरायचे आणि वळसा घालून रस्त्याला लागायचे. ज्या बाईच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली, ती एका चौकटीला भ्याली. दुसऱ्यांबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

आमच्या कॉलनीत एक मंडळ आहे. निवृत्त अधिकारी, दुकानदार, त्यांच्या बायका. वृक्षारोपण, रक्तदान, कोजागिरीचं दूध. अध्यक्षांचं जालना रोडवर फरश्यांचं मोठं दुकान आहे. कॉलनीच्या गेटवर एक नेपाळी राखणदार आहे. त्याला सगळे बहादूर म्हणतात. ते त्याचं नाव नाही. मंडळातल्या कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण पुढे त्याच्या गावी जाण्यासाठी यादी करताना सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

त्याच्या देशात भूकंप झाला आणि त्याचं घर पडलं. तो चार दिवस गेटवर तसाच उभा होता. पाचव्या दिवशी कुणीतरी विचारलं. मग मंडळाची सभा झाली आणि ठरलं की आपण जाऊन त्याचं घर बांधून द्यायचं. परदेशात सेवा. फलक छापायला गेला. भगव्या कॉलरचे टी-शर्ट शिवायला गेले. गेटजवळ ट्रान्सफॉर्मरच्या खाली बहादूरची पत्र्याची खोली होती, तिला खिडकी नव्हती. मे महिन्यात तो खोलीबाहेर पोतं टाकून त्यावर बसायचा. तिथे खिडकी पाडायला कुणाला हद्द ओलांडावी लागली नसती. पण तिथे फोटो काय निघणार?

हे त्या वेळी जिवंत होते. मंडळात बांधकाम कळणारा हा एकच माणूस, म्हणून त्यांना गळ घातली. हे तयार झाले. फलकाकडे बघून हसले, पण तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना गेटवर थांबले आणि बहादूरला विचारलं, "तुझी आई सकाळी कुठं बसते रे?"

मी शेजारी उभी होते. बहादूरला प्रश्न कळला नाही असं वाटून ह्यांनी तो हिंदीत परत विचारला.

"दरवाजे में बैठती है साब. धूप उधरीच आती है. जाडे में उसका घुटना पकड जाता है, तो दोपहर तक वहीं रहती है."

"आणि दार कोणीकडे?"

"नीचे की तरफ. दक्खिन. मैं जिस रस्ते से उतरता हूँ ना साब, वो पूरा दिखता है वहाँ से. मैं जाता हूँ तो मोड तक देखती रहती है."

हा प्रश्न ह्यांची पद्धत होती. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा ह्यांची दोन वर्षं तिकडे बदली होती. तिथून हे एवढंच शिकून आले. म्हणायचे, घरातल्या कर्त्या माणसाला विचारलं तर तो खोल्या किती ते सांगतो. म्हातारीला विचारलं तर घर कुठं ते कळतं. त्या रात्री जेवणाआधी ह्यांनी चौकोनांच्या कागदावर नकाशा काढला. दोन खोल्या, दक्षिणेला दार, आणि दाराबाहेर एक छोटी फुली. फुलीजवळ लिहिलं, 'आई'.

पंधरा दिवसांनी तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर अध्यक्ष भेटायला आले. मागच्या दाराने आले, हे त्यांनी लक्षात ठेवलं असणार. थोडा वेळ हळहळून म्हणाले, "वहिनी, तिकिटाचं काय करायचं? रद्द करू ना?"

रेल्वेत घरच्या माणसाच्या नावावर तिकीट बदलून मिळतं. मी म्हणाले, मी येते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्यांना ती कल्पना आवडली असावी. दुःखात बुडालेली वहिनी सेवेला निघाली, हे भाषणात चांगलं दिसणार होतं. मी का निघाले, हे मला नीट सांगता येत नाही. त्या बोळातून रोज उतरायचा कंटाळा आला होता, एवढं खरं. मी ह्यांचा नकाशा एका पुस्तकात घालून घेतला आणि ह्यांचा ओळंबा घेतला. दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली, ते त्याने कळतं. नोकरी लागल्यापासून तो ह्यांच्या पिशवीत होता.

मनमाडहून गोरखपूर, तिथून सोनौलीची हद्द, पुढे बस आणि शेवटी जीप. आम्ही बारा जण होतो आणि बरोबर बहादूर. त्याला मंडळाने रजा दिली होती. सगळ्यांच्या सामानाची चढ-उतार तोच करत होता, म्हणजे रजा कशातून हे मला कळलं नाही. धपाट्यांचे डबे होते, शेंगदाण्याची चटणी होती, आणि पाण्याचे कॅन. प्रत्येक स्टेशनवर आमचे लोक उतरून सगळ्या बाटल्या भरून घेत. भरलेल्या बाटल्यांतलं पाणी ओतून परत ताजं भरत. गावात पोचलो तर वाटेच्या कडेला झऱ्याचं पाणी पाइपातून अखंड पडत होतं. अध्यक्षांच्या पत्नी थांबल्या.

"अगंबाई, हे कुणी बंद का करत नाही?"

"बंद नहीं होता मॅडम," बहादूर म्हणाला. "ऐसाच है."

त्यांना ते पटलं नाही. संध्याकाळी त्यांनी दोन बायकांना घेऊन गावातली मिळतील ती भांडी, बादल्या, ड्रम भरून झाकून ठेवले. गावातल्या मुली वाटेत उभं राहून बघत होत्या. वाहत्या पाण्याच्या कडेला पाणी साठवणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असतील.

बहादूरचं घर उतारावर होतं. मागे, उत्तरेला, उंच डोंगर. पुढे, दक्षिणेला, उतरत गेलेली शेतं आणि त्यांमधून खाली जाणारी वाट. तिथल्या मिस्त्रीने पाया आधीच भरून ठेवला होता. शेजारी पत्र्याच्या आडोशाला बहादूरची आई, बायको आणि शेळ्या राहत होत्या. आई म्हणजे आमा. साठी कधीच उलटलेली, बुटकी, गुडघ्याला फडकं बांधलेलं. पायाच्या पुढे एक सपाट दगड होता. ती सकाळी त्यावर येऊन बसली आणि दुपार कलेपर्यंत उठली नाही. मी पुस्तकातला नकाशा काढून पाहिला. ह्यांनी फुली जिथे केली होती, दगड तिथेच होता. बहादूरने सांगितलेल्या चार वाक्यांवरून.

मी नकाशा अध्यक्षांना दिला. त्यांनी तो आपल्या मेहुण्यांच्या हातात दिला. अध्यक्षांचे मेहुणे वास्तुतज्ज्ञ आहेत. आधी विमा विकत. त्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं, पायावरून दोन फेऱ्या मारल्या आणि थांबले.

"दार दक्षिणेला? हा प्लॅन कुणी केला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनींच्या यजमानांनी," अध्यक्ष म्हणाले. "त्यांचं स्वतःचं घरही दक्षिणमुखीच. आणि मग ते..."

मेहुण्यांनी मोबाइल खिशात टाकला. हळू आवाजात, अगदी सहानुभूतीने म्हणाले, "मग अजून काय पुरावा पाहिजे?"

एकानेही वर बघितलं नाही. त्या बारा जणांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक दंतवैद्य होते. मीही होते. ह्यांच्या मरणाचा त्या बाईच्या घरासाठी दाखला दिला गेला आणि मी पदर सावरत उभी राहिले. मी मान हलवली, असं नंतर एकाने सांगितलं. हलवली असेल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, खरंच असेल तर? माझ्यामुळे आणखी एका घरावर तशी वेळ यायला नको. तिरस्कार करायला सर्वांत जवळचं माणूस मीच होते.

दार उत्तरेला काढायचं ठरलं. उत्तर कुबेराची, लक्ष्मी तिकडून येते, असं मेहुण्यांनी समजावलं. उत्तरेला डोंगराची दरड भिंतीपासून चार पावलांवर होती. कुबेर आला असता तरी त्याला अंग चोरून यावं लागलं असतं. दक्षिणेला दारच काय, खिडकीही नको, असं ठरलं. बहादूरला विचारलं गेलं. म्हणजे त्याला सांगितलं गेलं आणि शेवटी "ठीक आहे ना?" असं जोडलं गेलं.

"साब जो बोलेंगे," तो म्हणाला. त्याची नोकरी गेटवर होती. चौकट त्यानेच खांद्यावर घेतली आणि मागे नेली.

दुसऱ्या दिवशी चौकट उभी करायचा मुहूर्त होता. आपल्याकडे चौकटीची पूजा करतात. हळद-कुंकू, नारळ, पानांचं तोरण. आंब्याची पानं तिथे मिळेनात तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी झाडाची बांधली. मी ताट घेऊन पुढे चालले होते. अध्यक्षांच्या पत्नींनी ते माझ्या हातातून घेतलं.

"वहिनी, तुम्ही जरा तिकडं बसता का? वाईट वाटून घेऊ नका हं. आपलं एक असतं."

मी मागे वळले. त्यांची नजर आमावर गेली. तिचं कपाळ मोकळं होतं. "आणि ह्या आजींनाही घेऊन जा तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

ज्या बाईचं घर, तिला तिच्या चौकटीपासून दूर बसवलं. सेवा करायला आलेल्या माणसांनी, दोन हजार किलोमीटरवरून येऊन. बहादूरची बायको पूजेला हवी होती, तिला पुढे घेतलं. मी आणि आमा पायाला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला आलो. ती दगडावर बसली. थोडी सरकली आणि दगडावर हात थोपटला. मी बसले.

ऊन सरळ अंगावर येत होतं. आमच्या मराठवाड्यात ऊन दिसलं की माणूस पडदा ओढतो. सावलीसारखं सुख नाही, असं आपण समजतो, आणि जगभर तसंच असेल असं धरून चालतो. त्या दगडावर दहा मिनिटं बसल्यावर माझ्या पाठीतली थंडी गेली. मंगळवारपासून पहिल्यांदा मी कुठेतरी नुसती बसले होते. पलीकडून आरती ऐकू येत होती. खालची वाट वळणापर्यंत दिसत होती.

पूजा आटोपून सून चहा घेऊन आली. आमाने तिला काहीतरी विचारलं.

"पूछती है, दरवाजा उधर क्यों ले गए," सून मला म्हणाली.

"हमारे यहाँ ऐसा मानते हैं," मी म्हणाले. याहून भित्रं वाक्य मी आयुष्यात बोललेलं नाही.

सुनेने ते आमाला सांगितलं. आमाने चहाचा घोट घेतला आणि दोन शब्द बोलली. सून हसली आणि तोंडावर ओढणी धरली. मी विचारलं तर सांगेना. परत विचारलं.

"बोलती है, उधर तो सिर्फ पहाड है. मैं क्या बकरी हूँ?"

मी हसले. मोठ्याने हसले. हे गेल्यावर मी हसले ते पहिल्यांदा तिथे, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की ह्यांनी हेच विचारलं असतं. दार दारासारखं आहे का, की शेळीने जावं असं आहे? दोन महिने ज्याला मी भीत होते ते सगळं त्या एका वाक्यात फुसकं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी बोलले. म्हणाले, दार दक्षिणेलाच पाहिजे. इथे थंडी आहे. म्हातारीचे गुडघे आहेत. नकाशा विचारून काढलेला आहे.

"वहिनी, तुमच्या भावना समजतात," अध्यक्ष म्हणाले. "पण पूजा झालेली चौकट हलवत नाहीत."

"तुम्ही शोकात आहात," मेहुणे म्हणाले. "अशा वेळी माणसानं निर्णय घेऊ नयेत."

"माझे यजमान दारामुळं गेले नाहीत."

"तसं कोण म्हणतंय?" अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, आणि धपाट्याचा तुकडा मोडत पुढे म्हणाल्या, "पण तुमच्या नणंद सांगत होत्या, तुम्हीसुद्धा हल्ली मागच्याच दारानं जाता-येता म्हणून."

हे खरं होतं. मी उठले.

मिस्त्री झऱ्यावर हात धूत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, दिल्लीत काही वर्षं काम केलेला. आमच्या मंडळींकडे तो पावसाकडे बघावं तसं बघत असे. येतो, जातो, आपण कामाला लागायचं. मी नकाशा त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुसून तो घेतला. नकाशा वाचायला भाषा लागत नाही. त्याचं बोट दारावर गेलं, तिथून बाहेर फुलीवर आलं आणि थांबलं. मग त्याने मान वळवून दगडाकडे बघितलं. आमा येऊन बसली होती.

"आमा?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने नकाशा घडी करून टोपीत खोचला. मी ओळंबा पुढे केला. तो त्याने तळहातावर तोलून पाहिला, दोरी बोटाला गुंडाळली, आणि आम्ही दोघं खाली आलो.

पुढचे सात-आठ दिवस मंडळाने घर बांधलं, असं म्हणायचं. वरच्या ढिगापासून खाली भिंतीपर्यंत ओळ करायची आणि दगड हातोहात पुढे द्यायचे. मधेच कुणीतरी "थांबा थांबा" म्हणायचं, मग सगळे तोच दगड धरून फोटोसाठी उभे राहायचे. दंतवैद्यांनी हातमोजे आणले होते. अकराला सरबत, दुपारी आराम. बहादूर, त्याची बायको आणि मिस्त्रीची दोन माणसं उरलेलं काम करत. म्हणजे काम करत.

दक्षिणेची भिंत मिस्त्रीने स्वतः घेतली. ओळंबा धरायला मला बोलावलं. इतर कुणी ते मागितलंही नाही, त्यात फोटोसारखं काही नव्हतं. भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा मला दिसलं.

हे फिरायला जाताना मला कुंपणाच्या भिंती दाखवायचे. म्हणायचे, खालच्या थरातल्या दोन दगडांचा सांधा जिथे येतो, त्याच्यावर अख्खा दगड बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की तिथून भिंत सुटली म्हणून समज. मला त्यात रस नव्हता, पण चाळीस वर्षांत ऐकून ऐकून डोळ्याला सवय झाली. त्या भिंतीत दोन ठिकाणी सांध्यावर सांधा येत होता. सरळ, एकावर एक, ओळंब्याच्या दोरीसारखा. दोन रेघांमध्ये अंतर एका दाराएवढं. इतका चांगला कारागीर अशी चूक करत नाही. मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या दगडासाठी हात मागे केला. तो दगड त्याला मेहुण्यांनी दिला.

ओळंबा माझ्या हातात होता. मी तो स्थिर धरला. ह्या खेपेला गप्प राहण्याची मला लाज वाटली नाही.

दाराच्या उंचीवर त्याने चारी भिंतींवरून सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा फिरवला. भूकंपात घर बांधून धरणारा तो पट्टा दक्षिणेच्या भिंतीवर त्याने जास्त जपून केला. म्हणजे खालचे दगड काढले तरी वरचं वजन पेलायला तो होता. मेहुणे ती भिंत थोपटून म्हणाले, "दक्षिण अशीच भक्कम पाहिजे. शास्त्रात सांगितलंय." मिस्त्रीने मान डोलावली. अध्यक्षांनी हाताची घडी घालून त्याच भिंतीसमोर फोटो काढून घेतला. पुढे तो वर्तमानपत्रात आला. त्यात दोन्ही रेघा स्पष्ट दिसतात. कॉलनीत दीडशे घरं असतील, एकालाही दिसल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी उत्तरेच्या दारावर संगमरवरी पाटी बसवली. ती दुकानातून कोरून आणलेली होती. बारा जणांची नावं, पदांसकट. शेवटी ह्यांचं, कैलासवासी लावून. बहादूरच्या घरच्या कुणाचंही नाव नव्हतं. फीत कापायला आमाला पुढे केलं, कारण फीत कापण्याबद्दल शास्त्रात काही नसावं. तिने कात्री परत दिली, वळसा घालून गेली आणि दगडावर बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते कृतज्ञतेने भरून येणं वाटलं.

निघताना मिस्त्री ओळंबा परत द्यायला आला. मी घेतला नाही.

घरी आले ती मागच्याच दाराने, कारण पुढचं आतून बंद होतं. बॅग मोरीजवळ ठेवली, खुर्च्या उतरवल्या, कपाट ओढून भिंतीला लावलं आणि दार उघडलं. उंबऱ्यावर दोन महिन्यांची धूळ होती. ती झाडली. चौथ्या दिवशी कन्नडहून फोन आला.

"वैनी, दार उघडलं म्हनं तुमी?"

"व्हय," मी म्हणाले.

"बरंय" म्हणून तिने फोन ठेवला.

कॉलनीच्या हॉलमध्ये मंडळाने फोटोंचा कार्यक्रम केला. अध्यक्ष तासभर बोलले. आपण देणारे झालो, असं तीनदा म्हणाले. खुर्च्या बहादूरने लावल्या आणि उचलल्या.

दसऱ्याला तो रजेवर गेला. परत आला त्या सकाळी मी गेटवरून जात होते, त्याने हाक मारली आणि मोबाइल पुढे केला. दक्षिणेच्या भिंतीत दार होतं. चौकट पडलेल्या घराची, काळी, जुनी. उंबऱ्यावर आमा पाय पसरून बसली होती. ऊन तिच्या मांडीपर्यंत आलं होतं.

"दो घंटा लगा, मॅडम. मिस्त्री ने ऊपर का दो पत्थर निकाला, बाकी हाथ से निकल गए."

"आणि मागचं दार?"

"उधर से बकरी जाती है. बीच में एक दीवार डाल दी, वो कमरा बकरी का." तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आमा बोलती है, इन बकरियों का नाम बहोत लंबा है."

पाटी अजून तिथेच आहे, असं तो म्हणाला. ह्यांचंही नाव तिच्यावर आहे. ह्यांना ते चाललं असतं.

मंडळ आता दुसऱ्या कुठल्या देशात जायचं ते ठरवत आहे. गेटवरच्या खोलीला खिडकी पाडावी म्हणून मी अर्ज दिला होता. त्यावर मेहुण्यांचा अभिप्राय मागवला आहे. बहादूरचं नाव मी विचारून घेतलं, आणि त्याला त्या नावाने मी एकटीच हाक मारते. ओळंबा तिकडे मिस्त्रीकडे आहे. नकाशा त्याच्या टोपीत गेला तो परत आला नाही. पाणी अजून आठवड्याला एकदा येतं आणि टाकी बघायला मी जाते. माझ्या घराचं दार दक्षिणेला आहे. सकाळी ते उघडते आणि तिथे बसते.